डिंकानं जोडलेलं गालाचं हाड

माझ्या डाव्या गालाचं हाड डिंकानं जोडलेलं आहे. हे सांगितलं की माणसं हसतात. मग मी गाल पुढं करतो आणि म्हणतो, लावा हात. अजून कोणी लावलेला नाही.

मी सुतार. सोमाटण्याहून पवनेच्या अंगाला उतरलं की आमचं गाव लागतं. शाळा चौथीपर्यंत, ती पण पुरी नाही. मास्तरांनी छडी उगारली, मी छडी धरली, तिथं शाळा संपली. त्यामुळं लिहिण्यात चुका असतील. दिसल्या तर दुरुस्त करून वाचा, पण मधेच सोडू नका. ज्याचं तोंड मोडलंय आणि ज्याला घरचे म्हणतात की आता गप बसा, त्याच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी ना नाही.

बैलाचं नाव

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढचा फाल्गुन. गाडीच्या चाकाला आरे काढायचे होते म्हणून अंगणात बाभळीचा ओंडका फोडत होतो. ओंडका फोडताना चिरेत पाचर ठोकतात. माझी पाचर बाभळीचीच होती, जुनी, तिचा माथा ठोकून ठोकून झाडूसारखा फुटला होता. तसली पाचर टाकून द्यायची असते. दुसऱ्या कोणी ती हातात घेतली असती तर मी त्याला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पण हात माझा होता, म्हणून चालवून घेतलं. घणाचा तिसरा टोला बसला आणि पाचर चिरेतून उडून सरळ तोंडावर आली.

खाली बसलो. डाव्या डोळ्याखाली फाटलं होतं, नाकातून रक्त येत होतं. गाल चाचपला तर हाताला गाल कळत होता, पण गालाला हात कळत नव्हता. दुसऱ्याच माणसाचं तोंड चाचपतोय असं वाटलं.

हौसा, म्हणजे आमची मंडळी, चुलीपासून धावत आली.

"अगं बया! काय झालं ह्ये?"

"बैलानं मान हाणली."

"आपला बैल तर सकाळधरनं रानात हाय."

"आपला न्हवं. दुसऱ्याचा."

"कुनाचा?"

"गेला त्यो."

आता लिहायला लाज नाही, पण तेव्हा होती. स्वतःच्या पाचरीनं तोंड फोडून घेतलेल्या सुताराला कोण काम देईल? म्हणून बैलाचं नाव पुढं केलं. गाव दोन दिवस त्या बैलाला शोधत होतं. एका भल्या माणसानं तर येऊन माफी मागितली, त्याला वाटलं त्याचाच असेल. मी माफ केलं.

दोन ओळंबे

गावातल्या एका वैद्यानं लेप दिला. आठवडाभर उपरण्यानं तोंड बांधून बसलो. सूज उतरली तसा गाल आत गेला, पालथ्या वाटीची उताणी वाटी व्हावी तसा. तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. भाकरी दुधात कुस्करून गिळायचो. ते सगळं मी चालवून घेतलं असतं. जे चालवून घेता येत नव्हतं ते दुसरंच होतं.

आठव्या दिवशी एका चौकटीच्या कामाला गेलो. चौकट उभी केली, सरळ आहे का बघायला ओळंबा सोडला. दोन ओळंबे दिसले. एक इथं, एक त्याच्या वर चार बोटं बाजूला. दोन्ही हलत होते आणि दोन्ही खरे वाटत होते. डावा डोळा मिटला की एक. उघडला की परत दोन.

एक डोळा मिटून काम करायला घेतलं. लाकडात भोक पाडायचं आणि दुसऱ्या लाकडाचं कुसू त्यात घट्ट बसवायचं, हे काम मी पस्तीस वर्षं केलं. त्या दिवशी भोक बोटभर सरकून पडलं. एका डोळ्याला लांबी कळते, खोली कळत नाही.

माझा मुलगा दत्तू तेव्हा चोवीसचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं ते भोक बघितलं. लाकडाचा एक तुकडा तासला, सरस लावला, भोकात बसवला आणि वरून रंधा मारला. कळू नये असं केलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

जेवताना मग बोलला.

"आबा, आता ऱ्हाऊ द्या. तुमी बसून सांगा, मी करतो."

"बसून सांगायला मी काय सरपंच हाय?"

हौसा म्हणाली, "पोरगं काय वंगाळ बोललं? डोळा ऱ्हायला ह्येच लय झालं."

"डोळा ऱ्हायला आन् काम गेलं, मग त्यो डोळा काय तुझ्याकडं बघायला ठिवू?"

"बघा की. कदी बघितलंय व्हय नीट?"

दत्तू हसला. मला हसता येत नव्हतं, तोंड उघडत नव्हतं. ताट सारलं आणि सांगितलं, उद्या पुण्याला जायचं.

बाभळीची शिंगं

घोरावाडी स्टेशनावरून गाडी धरली. हौसा बरोबर होती, दत्तू बरोबर होता, आणि दोघं असं तोंड करून बसले होते की जसा मीच त्यांना पोचवायला निघालोय.

पुण्याच्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. डॉक्टर बारीक अंगाचे, चष्मेवाले, दत्तूपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे. त्यांनी फोटो काढायला लावले, उजेडावर धरून बघितले. मग विचारलं, "कशानं लागलं?"

"बैलानं."

डोळ्याखालची जखम वरून मिटली होती पण आतून ठणकत होती. डॉक्टरांनी सुई देऊन ती जागा बधिर केली, उघडली, चिमट्यानं आत चाचपलं. काहीतरी ओढून काढलं आणि पांढऱ्या ताटलीत ठेवलं. नखाएवढी काळपट कपची होती. मला लांबून ओळखू आली.

डॉक्टर म्हणाले, "बाबा, या बैलाची शिंगं बाभळीची होती का हो?"

हौसानं ताटलीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तसं तिनं लग्न झाल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. मी पाचरीचं खरं काय ते सांगून टाकलं.

"आधी सांगायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "लाकूड फोटोत दिसत नाही. हे आत राहिलं असतं तर मी केलेलं सगळं सडलं असतं."

ही पहिली गोष्ट, वाचणाऱ्यांनो. कशानं लागलं ते खरं सांगा. लाज दोन दिवसांत जाते.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डोळा हाडाच्या खोबणीत बसतो. त्या खोबणीची खालची कड आणि गालाचं हाड आत ढकललं गेलं होतं. डोळ्याची बैठकच खाली सरकली, म्हणून दोन दिसत होतं.

"गालाचा मोठा तुकडा उचलून बसवता येईल," ते म्हणाले. "पण कडेचे तुकडे पोह्यासारखे पातळ झालेत. तारेनं बांधायचे तर भोकं पाडावी लागतात, आणि भोक पाडायला गेलं की ते आणखी फुटतात."

"मग?"

"चिकटवायचे."

मी उठून उभाच राहिलो. सरस म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून तो करतात. हाडाचा सरस होतो हे ठाऊक होतं. सरसानं हाड जोडतात हे पहिल्यांदा ऐकत होतो.

"डाक्टरसायेब, सरस लावण्यात माझी उमर गेली. वल्या लाकडाला सरस धरत न्हाई. मानसाच्या आत तर समदं वलंच असतं."

मला वाटलं रागावतील. त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि त्यावर बसले. "आणखी काय काय लागतं, सांगा."

"दोन्ही अंगं साफ पायजेत. सरस कांद्याच्या पापुद्र्यावानी पातळ पायजे, जाड बसला की सांधा कच्चा. दाबून धराय पायजे. आन् धरल्यावर हलवाय नगं."

"चारही बरोबर. हे औषध तुमच्या सरसासारखं नाही, ओलाव्यानंच आवळतं. पण रक्त साचलं तर धरत नाही, म्हणून टिपून टिपून कोरडं करायचं. थेंबभर लावायचं. जास्त झालं तर तापतं आणि हाड भाजतं. आणि धरतं ते क्षणात."

"क्षणात? मग चुकलं तर?"

"तर चूक चिकटते."

मग मी म्हणालो, "हात दाखवा."

हौसा ओरडली, "अवं, काय बोलताय कुनाला!"

पण डॉक्टरांनी दोन्ही हात पुढं केले. मी बघितले. नखं कापलेली, बोटं लांब, कुठं थरथर नाही. माणसाचा हात बघून मी लाकूड तासायची पटाशी देतो, इथं तर तोंड द्यायचं होतं.

"चालत्याल," मी म्हणालो.

ते हसले, मग हसणं थांबवून म्हणाले, "एक ऐका. हे अजून नवं आहे. मी फार लोकांना केलेलं नाही. पू झाला तर पुन्हा उघडावं लागेल. हाड काही डिंक जोडत नाही, हाड आपलं आपण जुळतं. डिंक नुसता तोवर धरून ठेवतो."

ते मला लगेच समजलं. सांधा वाळेपर्यंत आपण शिकंज्यात आवळून ठेवतो, तसलंच हे.

दत्तूला पटलं नाही. व्हरांड्यात म्हणाला, "नवं हाय म्हंजे तुमच्यावर शिकनार त्ये. न्हाई तर न्हाई, घरी चला."

"शिकंना का. तू बी माझ्या लाकडावरच शिकलास. किती फळ्या नासल्यास, म्या हाकललं का तुला?"

कागदावर अंगठा लावायला कारकुनानं शाईची गादी पुढं सरकवली. मी ती मागं सरकवली. "सही येते." वेळ लागला. मागं रांगेतले लोक खाकरत होते. खाकरू दे म्हटलं. माझं तोंड, माझं नाव, मी सावकाश लिहीन.

वॉर्डातले दिवस

चिरफाडीचं मला काही सांगता येणार नाही, भूल दिली होती. जाग आली तेव्हा अर्धं तोंड पट्टीत होतं आणि कोरड इतकी की जीभ टाळूला चिकटली होती. मला वाटलं, डॉक्टरांनी चुकून तिथं पण लावलं.

नेम असे होते. डाव्या कुशीवर झोपायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. चावायचं नाही. गालाला हात लावायचा नाही. सिस्टर रोज सकाळी हे चारही पाठ म्हणायच्या आणि मी मान हलवली की पुढं जायच्या. पहाटे ताप मोजायचा, मग चहा, चहात बुडवलेला पाव, मग सुई, मग डॉक्टरांची फेरी, मग भिंतीकडं बघणं. आयुष्यात इतका वेळ मी रिकामा कधी बसलो नव्हतो. समोरच्या खिडकीची झडप एका बाजूला लोंबत होती. मी सिस्टरना म्हणालो, पटाशी आणून द्या, दहा मिनिटांत बसवतो. त्या म्हणाल्या, "आधी स्वतः बसा."

हौसा एक दिवसाआड यायची. पितळी डब्यात नाचणीची पेज घेऊन. घोरावाडी ते पुणे डबा मांडीवर धरून यायची, खाली ठेवायची नाही, सांडेल म्हणून. पेज गार झालेली असायची. त्या पेजेसारखी दुसरी चव मला आठवत नाही. बैलाचं तिनं अजून माफ केलं नव्हतं. पेज द्यायची, आणि बाजूच्या खाटेवरच्या माणसाला सांगायची, "ह्येंच्याकडं कुटलं बी जनावर बांधू नगा, नाव घेत्याल."

तो बाजूचा माणूस धोंडू. लोणावळ्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा, मधाचं पोळं काढताना कड्यावरून घसरलेला. त्याचा जबडा तारेनं आवळून बांधला होता, वरचे दात खालच्या दातांना. दातांच्या फटीतून तो जर्मलच्या पेल्यातली पेज नळीनं ओढायचा. बोलायचा पण दातांतूनच, सापासारखा फुसफुस. माझा एक डोळा झाकलेला, त्याला एक शब्द धड बोलता यायचा नाही. मी त्याला म्हणायचो, "धोंडूभाऊ, तू बोलू नगंस, मी बगनार न्हाई, दोगं मिळून एक मानूस पुरा व्हतो." तो हसायला लागला की तारा टोचायच्या आणि मला शिव्या द्यायचा. दातांतून आलेल्या शिव्या लय गोड वाटतात.

भीतीचं लिहायचं म्हणून लिहितो. मरायची भीती वाटली नाही. भीती होती पट्टी सुटल्यावर दोन सिस्टर दिसतील याची. मग काय करायचं, हे मी ठरवायला बघत होतो आणि ठरत नव्हतं. सुतारकाम सोडून दुसरं काही मला येत नाही. येत नाही म्हणजे शिकायचं पण नाही.

अंगठा

आता जे लिहितो ते लिहायचं टाळत होतो.

सरस लावलेला सांधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुतार तपासतो. अंगठ्यानं दाबतो आणि कान देतो. धरला असेल तर आवाज येत नाही. माझ्या बापानं तसं शिकवलं, मी दत्तूला शिकवलं. दाबून बघितल्याशिवाय मी एक पाट सुद्धा गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी पट्टी बदलली आणि डोळा झाकून गाल थोडा उघडा राहिला. हात आपोआप गेला असं लिहिलं तर ते परत बैलासारखं होईल. मी विचार करून दाबलं. डॉक्टर सांगतात धरलंय. पण मी तपासलेलं नव्हतं.

डोळ्याखालच्या कडेवर अंगठा ठेवला आणि दाबला. दुखलं. आणखी थोडा दाबला. आत 'कट्' झालं. कानानं नाही, हाडानं ऐकलं.

तो आवाज मी हजार वेळा ऐकलाय. कच्चा सांधा सुटतो तेव्हाचा.

मी हात खाली घेतला आणि छताकडं बघत पडलो. कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. तेवढ्यात बाजूला ठणठण सुरू झाली. धोंडू उठून बसला होता आणि जर्मलचा पेला खाटेच्या लोखंडावर बडवत होता.

"गप! धोंड्या, गप बस!"

तो आणखी जोरात बडवायला लागला. सिस्टर धावत आल्या. धोंडूनं माझ्याकडं बोट केलं, मग स्वतःच्या गालावर अंगठा टेकवला आणि दातांतून फुसफुसला, "दाब्लं… यानं दाब्लं…"

बोलता न येणाऱ्या माणसानं माझी चहाडी केली. त्या वेळी त्याचा गळा धरावासा वाटला. आज म्हणतो, त्यानं बडवलं नसतं तर मी गप्प राहिलो असतो, आणि गप्प राहून आणखी एकदा दाबून बघितलं असतं. मी स्वतःला ओळखतो.

डॉक्टर आले. फोटो परत काढले. ते उजेडावर धरून बघितले. मग खाटेजवळ येऊन म्हणाले, "मोठा तुकडा जागेवर आहे. कडेचा एक सरकलाय."

"परत उघडा. परत चिकटवा."

"आता उघडलं तर जे धरलंय ते पण सुटेल. तुम्ही नुकता सरस लावून ठेवलेल्या फळीवर मी येऊन उड्या मारल्या तर काय कराल?"

"तंगडी मोडीन."

"मग?"

त्यांचे हात मी तपासले होते. माझाच हात तपासायचा राहिला होता.

एक पंखा, दोन पंखे

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी हौसा आणि दत्तू दोघं आले होते. डॉक्टरांनी समोर बोट धरलं. एक बोट. डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं, खाली नेलं. एकच. सिस्टर एक होत्या, धोंडू एक होता, हौसा एक होती. दत्तूनं नाक ओढलं आणि खिडकीकडं तोंड केलं.

"आता वर बघा," डॉक्टर म्हणाले.

छताला पंखा होता. दोन झाले.

"हे कमी होईल. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही."

"काम?"

"खाली बघून होणारं सगळं कराल. वर बघून करायचं काम जपून."

गाल बराच वर आला होता, तोंड तीन बोटं उघडत होतं. घरी जाताना डॉक्टरांनी हात जोडले. मी पण जोडले, आणि म्हणालो, "सायेब, तुमचा सांधा पक्का हाय. जो सुटला त्यो माझा." ते म्हणाले, "हे बाकीच्या पेशंटना पण सांगा." म्हणून सांगतोय. दाबू नका. तुमचा धंदा काहीही असो, तुमच्या बापानं काहीही शिकवलेलं असो, दाबू नका.

धोंडूला मी माझं उपरणं दिलं. त्यानं पेला बडवून निरोप दिला.

सावलीला बसा

सहा आठवडे घरी काढले. पेज, भात, मग मऊ भाकरी. पाट केले, पोळपाट केले, एका गाडीचे आरे केले, सगळं खाली बघून. ओळीत, मापात, एकात एक बसणारं. पण तेवढ्यात गाव बदललं होतं. दत्तूनं तळेगावच्या एका सुताराबरोबर कामं धरली होती. गिऱ्हाईक दारात आलं की माझ्या डोळ्यांवरून नजर वर नेऊन विचारायचं, "दत्तू हाय का?" मी दारातच बसलेलो असायचो.

वैशाखात गावच्या शाळेच्या नव्या खोलीवर छप्पर चढवायचं निघालं. काम दत्तू आणि तळेगावकरांचं. मी गेलो तर सरपंच म्हणाले, "या आबा, सावलीला बसा. पाटी-पेन्सिल दिऊ का?"

माणसं हसली. मी बसलो नाही, उभा राहिलो.

छपराच्या माथ्यावरचं आढं दोन तुकड्यांचं होतं. मधल्या भिंतीवर त्याचा जोड यायचा, एकाचं कुसू दुसऱ्यात शिरायचं. चार जण दोऱ्यांनी ते वर धरून होते आणि दत्तू नि तळेगावकर फळीवर उभे राहून खालून ठोकत होते. कुसू शिरेना. एकदा शिरलं ते तिरकं शिरलं, परत काढलं. दोऱ्या धरणाऱ्यांच्या हाताला पीळ पडायला लागले. मला खालून बघून नेमकं काय अडतंय ते कळत नव्हतं, कारण दोन आढी दिसत होती आणि दोन्हीकडून दत्तू ठोकत होता. पण आवाज ऐकून कळलं. खालची धार घासत होती. असला जोड खालून बसत नाही. वरून बघून, वरून एक पापुद्रा काढून, वरूनच बसवावा लागतो.

"दत्तू, वरनं बसवायचा त्यो."

"वर उबं ऱ्हायला जागा न्हाई, आबा. आढ्यावर बसाय लागंल."

"मग बसाय लागंल."

शिडी लावलेली होती. पटाशी कमरेला खोचली. शिडी चढताना वर बघावं लागतं असं लोकांना वाटतं. हाताला पायरी कळते. मी खाली बघतच चढलो, पाऊल एक, पायरी एक, जमीन एक. हौसा भाकरी घेऊन आली होती तिथं. तिचा आवाज आला, "अवं! उतरा म्हनते ना! डोकं ठिकानावर हाय का?"

भिंतीच्या माथ्यावरून सरकत आढ्यावर दोन्हीकडं पाय सोडून बसलो. जोड आता माझ्या मांड्यांच्या मधे होता, खाली. घासणारी धार समोर दिसत होती. एक धार, एक कुसू. पटाशीनं कांद्याच्या पापुद्र्याएवढी साल काढली. सगळे हात थांबले होते. दोऱ्या धरलेले सुद्धा मान वर करून बघत होते.

दत्तू फळीवरून ओरडला, "आबा, आता उतरा, हातोडा मी मारतो. जरा वर बगितलंत तर दोन दिसंल, तोल जाईल तुमचा!"

मी म्हणालो, "आता माझ्या वर काय हाय रं? आबाळ. त्ये दोन दिसलं तर कुनाचं काय बिगडतंय?"

कोणी हसलं नाही. दत्तूनं हातातला हातोडा फिरवून दांडा माझ्याकडं केला आणि टाचा उंचावून वर धरला. मी खाली वाकलो आणि घेतला.